सासऱ्यांची कार्बन फायबरची खुर्ची

...हलकी हवी होती हो, मान्य, पण इतकी? नाही, तुम्हाला सांगतो, तक्रार नाहीये माझी, उलट सुटलो मी. सासू-सासरे आमच्याकडेच असतात, सासऱ्यांची ती सागवानी आरामखुर्ची, लांब हातांची, वर पाय टाकून पडायची, त्यांच्या वडिलांनी स्वतः घडवलेली, वजनाला म्हणाल तर म्हैस. सकाळी उन्हात, दुपारी सावलीत, संध्याकाळी टीव्हीसमोर, आणि प्रत्येक वेळी हाक, ‘जावईबापू, जरा हात लावा.’ जरा! कंबर गेली माझी त्या ‘जरा’पायी.

आता मी काम करतो कार्बन फायबरचं, सायकलींचे सांगाडे बनवतो, घरामागेच कारखाना, म्हटलं हीच खुर्ची तश्शी कार्बनमध्ये करू. बायको म्हणाली, ‘करा, पण जुनीला ओरखडा आला तर बाबा जेवणार नाहीत, आणि मी तुम्हाला वाढणार नाही.’ साचा काढायचा त्या खुर्चीवरूनच, त्याआधी तिला मेण चोपडायचं, नाहीतर साचा चिकटून बसतो, हे मी कारखान्यात सगळ्यांना रोज ओरडून सांगतो... आणि स्वतः खुर्चीच्या एका हाताला मेण लावायचं विसरलो. चिकटला. पाचर ठोकावी तर पॉलिश जाणार, ओढावं तर हात मोडणार, आणि दाराबाहेरून आवाज, ‘जावईबापू, मी जरा हात लावू का?’

‘नको नको, तुम्ही बसा.’

‘कशावर बसू?’

शेवटी फटीत हवेचा पाइप धरला, देवाचं नाव घेतलं, आणि फट्ट... सुटला. एक ओरखडा नाही. तुम्हाला सांगतो, मी तिथेच फरशीवर बसलो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

नवी खुर्ची झाली, काळी कुळकुळीत. सासरे म्हणाले, ‘मोडणार नाही ना?’ बसले, पाय टाकले, डोळे मिटले... बायको माझ्याकडे बघतेय, मी खुर्चीकडे बघतोय. आणि घोरले हो. काय गोड घोरले, कान निवले माझे.

तेव्हापासून ती हाक बंद. स्वतःच उचलतात, एका हातात, छत्री न्यावी तशी. आधी उन्हात, मग सावलीत, आणि आता थेट माझ्या कारखान्यात, माझ्या पाठीमागे मांडून. ‘चालू द्या तुमचं, मी नुसता बघतोय.’ नुसतं बघतात होय? ‘कार्बनचं कापड तिरकं लागतंय... हे पुसून घ्या... मेण लावलंत का?’

काल म्हणाले, ‘जावईबापू, अजून एक करा अशीच, जरा लहान मापाची. तुमच्या सासूबाईंना घरात एकटं करमत नाही.’

...माप घेऊन ठेवलंय.