फोटोसाठी वेण्या

लोकांचं बोलणं चोरून ऐकू नये, हे कांताला कळत होतं. पण चौऱ्याऐंशी सालच्या सप्टेंबरात, अमेरिकेतल्या नेवार्कच्या त्या बसमध्ये, एक काळी आजी आणि तिची नात बसल्या होत्या तिच्या अगदी पुढ्यातच. स्वेटर विणता विणता कांताचे कान तिकडे लागले.

"उद्या शाळेत फोटो ना? घरी गेल्यावर गरम कंगव्यानं तुझे केस सरळ करते."

"नको आजी. बारीक वेण्या घाल. मिसेस टॉलिव्हरसारख्या."

"फोटोत वेण्या? अगं, नीटनेटकं दिसायला नको? आणि कोण ही टॉलिव्हर? शाळेच्या कँटीनमधली?"

"नाही गं! आमच्या नवीन टीचर."

"टीचर? वेण्या घालून?"

"हो. आणि रंगानं अगदी तुझ्यासारख्या."

आजी नातीकडे वळून बसली. कांताच्या सुया थांबल्या.

"काय शिकवतात?"

"गणित. काल फळ्यावर मी सोडवलं."

"तू? तू तर वर्गात तोंड उघडत नाहीस."

"मीच हात वर केला."

"बरं. घरी गेल्या गेल्या बस माझ्यापुढे. तुझ्या वेण्या झाल्या की माझ्या घालायच्या."

"तुझ्या कशाला?"

"उद्या सोडायला मी येणार आहे. बाईंसमोर नीटनेटकं दिसायला नको?"