त्यानं माझं दार चोरलं

...नाही, मला एक सांगा, चोरानं चोरी करायची आणि वर त्यालाच टाळ्या, ही कुठली भाषा? हसू नका! जेवणाची सुट्टी बुडवून शिकलोय मी ती! मांडीवर डबा, खोलीभर भाजीचा वास आणि फळ्यापाशी बाई. आमचं बुटांचं दुकान हो, बूट, चपला, सँडल... पण मालकांना लहर आली, नव्या शाखेत म्हणे इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक येणार, सगळ्यांनी शिकायचं! मी म्हटलं, मालक, आपल्याकडे गिऱ्हाईक पाय पुढे करतं, तोंड नाही. पण ऐकतंय कोण?

तर बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'स्टील'. मी डब्याकडे बघितलं. "तो नव्हे हो काका! स्टील म्हणजे चोरणे!" बरं, चोरणे. मग ज्या सुटल्या बाई! एखाद्यानं कार्यक्रम गाजवला, तर त्यानं शो चोरला. कुणाकडे हळूच बघितलं, तर नजर चोरली... आता नजर आपणही चोरतो, पण ती बघायला लागू नये म्हणून, आणि हे चोरतात ते बघायला मिळावं म्हणून! बूट स्वस्तात मिळाला की 'इट्स अ स्टील'! अहो, माणूस रोख मोजून, पावती घेऊन, दारातून सरळ बाहेर पडतोय, त्याला चोर कशाला करता? दुसऱ्याच्या आधी डाव साधला, तर मार्च चोरला. मी म्हटलं, बाई, एप्रिल तरी ठेवला का? दुसऱ्याचं कौतुक आपल्याकडे ओढलं, तर त्याचा गडगडाट चोरला. गडगडाट! ढगात शिडी लावून? शेवटी मी विचारलं, "बाई, मग खराखुरा चोर काय करतो?" म्हणाल्या, "तोही स्टीलच करतो!" घ्या! हळूच बघणारा, सवलतीत बूट घेतलेला आणि कुलूप फोडलेला, सगळे एका रांगेत! पण बोलायचं नाही... इंग्रजी आहे ना, तिथे चालतं!

माझा एवढा तिळपापड का होतोय, सांगतो. पहिल्या बाकावर बसले होते मालकांचे मेव्हणे. हा गृहस्थ दुकानात काय करतो? पंख्याखाली बसतो. पंखा फिरला की मान फिरवतो, एवढंच काम! आणि मी? दुकानाची दर्शनी काच मी सजवतो, काचेमागे वाकून वाकून कंबर गेली माझी. एकदा घरी गेलो, तर दारात चपलांचा हा ढीग! बहीण आलेली, भावजी आलेले, त्यांची कार्टी आलेली. आमची ही आतून ओरडतेय, "कुणीतरी त्या चपला आवरा, पाय ठेवायला जागा नाही!" आणि मी तिथेच खिळलो. बंद दार, आत हसण्याचा गलका आणि बाहेर चपला... मला आत जावंसं वाटलं हो! स्वतःच्याच घरात!

दुसऱ्या दिवशी भंगारातून जुनं दार आणलं, काचेमागे उभं केलं आणि दाराबाहेर मांडला सगळा संसार. बाबांचे बूट, आजीच्या मऊ सपाता, कॉलेजातल्या पोरीची उंच टाच, आणि धाकट्याचा एक बूट मुद्दाम उलटा. अहो, लोक थबकायला लागले! एक बाई तर आत येऊन म्हणाल्या, "तो उलटा पडलाय ना, तोच दाखवा!"

मालक खूश. "कल्पना कुणाची?" आणि पंख्याखालून आवाज आला, "भावोजी, बरेच दिवस घोळत होतं माझ्या डोक्यात..." डोक्यात! जागा भरपूर होती म्हणा तिथे. तुम्ही म्हणाल, काका, तुम्ही कुठे होतात? तिथेच होतो! काचेमागे, दाराची बिजागरी ठोकत, तोंडात खिळे धरून! खिळे थुंकून बाहेर येईपर्यंत नवी शाखा मेव्हण्यांच्या नावावर लागली होती. मला कबूल केलेली हो! "तुमच्याशिवाय आहे कोण?" असं म्हणाले होते मालक. निघाला की कोणीतरी!

आणि वर्गात बाई म्हणतात, प्रत्येकानं स्वतःच्या आयुष्यातलं खरं वाक्य करायचं. मेव्हणे उठले, केसांवरून हात फिरवला. "आय स्टोल द शो विथ माय डोअर!" टाळ्या! माझं डोकंच फिरलं. डबा ठेवला बाजूला, उभा राहिलो, बोट सरळ मेव्हण्यांच्या नाकावर रोखलं आणि म्हटलं, "ही स्टोल माय डोअर!"

मालक दारात उभे. म्हटलं, आता फुटलं बिंग! आणि बाई... बाईंना गहिवरून आलं हो! "वा, काका! केवढं स्वच्छ वाक्य! आणि हावभाव तर बघा!" सगळ्यात मोठ्यानं टाळ्या कुणी वाजवल्या? मेव्हण्यांनी! मालकांनी पाठ थोपटली, "बघा रे, या वयात!" आणि बक्षीस दिलं. काय? बुटाच्या नाड्या! मी तोंडावर चोर म्हटलं, तर मला नाड्या! इंग्रजी आहे ना, तिथे चालतं!

पण थांबा. परवा समोरच्या दुकानदारानं काय केलं? काचेमागे दार उभं केलं! बाहेर बूट, सपाता, आणि एक उलटा! मेव्हणे पंख्याखालून उठले... दुकानाच्या वेळेत मी त्यांना तिथून उठताना प्रथमच पाहिलं! "चोर! चोर! माझी कल्पना, माझी मेहनत, माझी झोप उडवून काढलेली कल्पना!" झोप! चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! आता का नाही म्हणत, वा, काय शो चोरला? तेव्हा बरं आपल्या भाषेतला चोर आठवला!

मालकांनी मला बोलावलं. म्हटलं, पडला वाटतं उजेड. म्हणाले, "काका, समोरच्याला खरमरीत पत्र जायला हवं, इंग्रजीत. वर्गातलं ते तुमचं वाक्य होतं ना, काळजाला भिडणारं? तेच टाका. खाली मेव्हणे सही करतील."

लिहिलं. करता काय? 'ही स्टोल माय डोअर.' मेव्हण्यांनी नव्या शाखेच्या किल्ल्या बाजूला ठेवल्या, माझंच पेन मागितलं आणि झोकात सही ठोकली. सही मात्र त्यांनी स्वतःची केली हो... अख्ख्या कागदावर तेवढंच काय ते त्यांचं. आणि पेन? ते गेलं त्यांच्या खिशात!