बोलका काटा

वडील — थांब, आधी पर्स ठेव आणि ऐक. ठेवतोय हं काट्यावर. काय म्हणाला?

लेक — सकाळी सकाळी हे काय काढलंत, बाबा?

वडील — काटा काय म्हणाला ते सांग.

लेक — दहा किलो.

वडील — आणि ही लोखंडी प्लेट कितीची? काल तूच चढवलीस ना माझ्या व्यायामाच्या दांड्यावर? ‘वीसची लावली हं बाबा’ म्हणून?

लेक — तो काटा माणसांचा आहे. आईचं वजन करायला आणलाय. लोखंडाला चुकत असेल.

वडील — मी स्वतः उभा राहिलो त्याच्यावर. एकसष्ट म्हणाला. प्लेट छातीशी धरून उभा राहिलो, एकाहत्तर म्हणाला. आता काय, काट्याला मीही कळत नाही? चारही झाल्यात माझ्या. दोन दहाच्या, दोन पाचच्या. वर दांडा वीसचा. झाले पन्नास. वहीत कालच्या तारखेला किती आहेत?

लेक — तुम्हीच लिहिलेत.

वडील — मला दिसत नाही म्हणून तर तुला विचारतोय. वाच.

लेक — ऐंशी.

वडील — वा! अगं, दिवसभर औषधाच्या दुकानात मिलिग्रॅम मोजतेस तू. आणि बापाच्या दांड्यावर तीस किलोची थाप?

लेक — तुमच्या हनुवटीला काय लागलंय? इकडे वळा. बाबा, हे सुजलंय केवढं!

वडील — तेच सांगतोय. काल संध्याकाळी तुझ्या आईला बाथरूममधून उचलायला गेलो.

लेक — एकटे?

वडील — एकटा नाही तर काय वरात घेऊन जाऊ? अठ्ठेचाळीस किलोची बाई. म्हटलं, रोज सकाळी ऐंशी उचलतो, ही तर निम्म्याच्या थोडी वर. अर्ध्यावर आली आणि माझे गुडघेच गेले.

लेक — आईला लागलं? आई! आई, काय झालं गं?

आई — ओरडू नकोस, दार उघडंच आहे. सगळं ऐकतेय मी इथून. मला काही झालं नाही. मी ह्यांच्या अंगावर पडले.

लेक — आणि मला फोन नाही केलात?

वडील — फोन बाहेर. आम्ही आत. मला तिला सोडून उठता येईना.

आई — चाळीस मिनिटं फरशीवर बसलो होतो. लग्न झाल्यापासून हे एवढा वेळ माझ्या शेजारी कधी बसले नव्हते.

वडील — तुला थट्टा सुचतेय.

आई — मग काय रडू? रडून झालं काल.

लेक — मग उठवलं कुणी?

वडील — शेजारचा शिंपी आला, हाका ऐकून. गळ्यात टेप तशीच. जन्मात कधी दंड काढला नसेल त्यानं. काडीपैलवान! एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, उचललं आणि नेऊन निजवलं. वर मला म्हणतो, ‘काका, तुम्ही राहू द्या.’ राहू द्या! रात्रभर तेच कानात. म्हटलं, ऐंशी उचलणारा माणूस अठ्ठेचाळीसला आडवा कसा होतो? उजाडल्यावर काटा ओढला आणि बसलो एकेक प्लेट ठेवत. कधीपासून चाललंय हे?

लेक — दोन वर्षं झाली.

वडील — दोन वर्षं!

लेक — तुम्ही नव्वदला अडकला होतात, आठवतं? तीनदा प्रयत्न केलात, दांडा जमिनीवरून सुटला नाही. त्याच महिन्यात डॉक्टरांनी डोळ्यांचं सांगितलं होतं. वाचन गेलं, स्कूटर गेली. मग चार दिवस तुम्ही दांड्याकडे फिरकला नाहीत. जेवण अर्धं टाकायचात. पडदे ओढून बसून राहायचात. पाचव्या दिवशी मी म्हटलं, चला, आज करून बघू. आणि दोन्ही बाजूंची एकेक प्लेट बदलली. सगळ्यांचा घेर सारखा, वर रबर. तुम्ही चाचपून मोजलंत, इकडे दोन, तिकडे दोन. आणि उचललंत.

वडील — आणि मी लिहिलं नव्वद.

लेक — त्या दिवशी तुम्ही दाढी केलीत, बाबा. आठवड्यानं केलीत. मला वाटलं, एकदाच. पुन्हा नाही करायचं. पण दोन महिन्यांनी तेही उचलेना.

वडील — म्हणून अजून काढलंस.

लेक — तुम्ही उतरत गेलात, मी काढत गेले. तोंडी आकडा मात्र नव्वदावरून ऐंशीवरच आणला.

वडील — तरीच. मी म्हणायचो, जड तर तेवढंच लागतंय. दम तेवढाच लागतोय, पाठ तेवढीच ताणतेय. मग आकडा खोटा असेल असं मनात येणार कसं? अगं, चाळीस वर्षं लिहितोय मी! न चुकता. ज्या दिवशी उचललं नाही त्या दिवशी ‘नाही’ लिहिलंय. तुझ्या जन्माच्या दिवशी ‘नाही’ आहे. आता जाडा पेन घेऊन पानभर एक आकडा काढतो, तरी लिहितो. त्या वहीत एक खोटं अक्षर नव्हतं.

लेक — माहीत आहे.

वडील — माहीत असून केलंस. आणि आठवड्यापूर्वी, मदतनीस बाईंना मी नको म्हणालो तेव्हा? त्या चप्पल घालत होत्या, आणि मी छाती फुगवून सांगतोय, ‘आमच्या घरात उचलणारा माणूस आहे.’ तू तिथे उभी होतीस!

लेक — मी म्हटलं होतं, राहू द्या त्यांना.

वडील — पुटपुटलीस.

लेक — पुटपुटले नाही, सांगितलं. तुम्ही वही पुढे केलीत. दादालाही फोनवर तेच ऐकवलंत. ‘बहात्तराव्या वर्षी साडेब्याऐंशी उचललेत, तुझ्या आईला मी सांभाळीन.’ त्यापुढे मी काय बोलायचं होतं? बाबा, ते आकडे माझे आहेत, असं?

वडील — हो! तेच बोलायचं होतं.

लेक — नाही बोलले. चुकलं माझं. तुम्हाला मारायचं तर मारा. पण मी थकलेय हो. पाचला उठायचं, माझ्या घरचा डबा करायचा, इथे येऊन तुमचा दांडा भरायचा, मग दुकान. आणि रोज दोन आकडे डोक्यात ठेवायचे, एक तोंडानं सांगायचा आणि एक खरा. चुकून खरा तोंडातून गेला तर, ह्या धाकात राहायचं. दोन वर्षांत एक सकाळ मला धड गेली नाही.

वडील — खरा आकडा तू ठेवत होतीस?

लेक — फोनमध्ये. सगळे आहेत.

वडील — वाच.

लेक — आता कशाला? दुपारी दादा येतोय. आईचं काय ते ठरवू आधी.

वडील — आईचं ठरवायचं म्हणूनच वाच.

लेक — पहिला दिवस, ऐंशी. मग दोन महिने तेवढेच. मग पंचाहत्तर. त्या वर्षीच्या शेवटी सत्तर. मग तुम्हाला ताप आला होता, त्यानंतर साठ. मग पंचावन्न. बरेच दिवस पंचावन्न. मग पन्नास.

वडील — पन्नास! पुढे?

लेक — मग गेल्या महिन्यात साडेबावन्न.

वडील — ज्या दिवशी मी साडेब्याऐंशी लिहिले. ह्या वर्षातला उच्चांक! जिन्यात भेटेल त्याला सांगितलं मी. शिंप्यालासुद्धा.

लेक — अडीच किलोची वाढ खरी होती, बाबा. त्यात मी काही केलं नव्हतं. सहा आठवडे लागले तुम्हाला. तुम्ही दांडा खाली ठेवलात आणि मी संडासात जाऊन रडले. सांगणार कुणाला?

वडील — सहा नाही, सात. मधे एक आठवडा पाठ धरली होती.

आई — झालं का दोघांचं? मी बोलू?

वडील — बोल.

आई — मला काय दांडा समजलात? मधे धरायला जागा तरी आहे का मला? आणि अहो, तुमचे हात कापतात ते मला वर्षभर कळतंय. बाईंबरोबर उचलू लागायचात तेव्हा माझ्या पाठीला लागायचे ते. आकडे तुम्ही ठेवा नाहीतर ती ठेवो, पाठ माझी आहे.

वडील — मग बोलली का नाहीस?

आई — तुम्हाला तेवढंच उरलं होतं. कुणाच्याही जिवावर आलं असतं बोलायला!

लेक — बघितलंत?

आई — तू गप. तुझं कौतुक नाही करत मी. पोरीनं बापाला खोटं सांगावं आणि बापानं त्या जोरावर बाईंना घालवावं, आणि पडायचं मी! आता दादा येईल. शिंपी त्याला जिन्यातच गाठेल, ह्याची खात्री बाळगा. मग तो मला त्यानं पाहून ठेवलेल्या शुश्रूषा केंद्रात नेईल. चांगलं असेल ते, पण तिथे मी दर दोन तासांनी ‘पेशंट’ होणार. मला इथेच राहायचंय. ह्या खोलीत, तुमच्या खोकल्यासकट. एवढं एक माझ्या मनात आहे. त्याचं काय करायचं ते सांगा.

वडील — मी दादाला समजावतो.

आई — काय दाखवून?

लेक — बाबा, बाई सकाळ-संध्याकाळ आल्या तर दादा काही म्हणणार नाही. त्याचं म्हणणं तेवढंच होतं, उचलायला कुणी धड माणूस हवं. त्यांना अजून दुसरीकडे काम लागलं नसेल. मी लावू का फोन? मीच बोलते, सांगते की आमचा गैरसमज झाला.

वडील — गैरसमज कसला? त्यांना काढलं मी.

लेक — म्हणून काय झालं? माझ्या तोंडून गेलं तर बरं. तुम्हाला कानकोंडं होईल.

वडील — तू दोन वर्षं बोललीस माझ्या वतीनं. पुरे आता.

लेक — बाबा...

वडील — रागानं नाही म्हणत. राग आहे, तो राहील अजून बरेच दिवस. नंबर लाव फक्त, मला दिसत नाही. आणि इथेच थांब. लागला?

लेक — वाजतोय. घ्या.

वडील — हॅलो... हो, मीच. ओळखलंत... नाही नाही, तिची तब्येत बरी आहे. इथेच आहे... बाई, तुम्हाला परत यायला जमेल का, ते विचारायचं होतं. दोन्ही वेळ... हो, तेव्हा मी तसं म्हणालो होतो खरं... नाही, मुलगी नाही करत, तिला तिची कामं आहेत... नाही, बाई. मला नाही उचलता येत तिला.