डोळ्यामागची मान

फिजिओ : डोळ्याला हात लावू नका. मान सैल सोडा, डोक्याचा सगळा भार माझ्या हातावर येऊ द्या. आता कवटी संपते तिथे, उजवीकडे, जरासं दाबतेय. काय होतंय?

बायको : आई गं! थांबा... तुम्ही डोळ्याच्या मागे दाबलंत?

फिजिओ : माझी बोटं मानेवर आहेत.

बायको : काहीतरीच! अरे, तू बघतोयस ना? कुठे आहेत यांची बोटं?

नवरा : मानेवरच. केसांच्या खाली. डोळ्याच्या आसपाससुद्धा नाहीत.

बायको : पण हे तेच दुखणं आहे. अगदी तेच! आतून कुणीतरी अंगठा रुतवल्यासारखं. अकरा वर्षं झाली, घरच्या माणसासारखं ओळखते मी याला.

फिजिओ : हात काढते.

बायको : ओसरलं... बाई, परत दाबा ना.

नवरा : अगं, दुखतंय ना तुला?

बायको : दुखू दे. मला पुन्हा बघायचंय, ते कुठून येतं.

फिजिओ : बघा. हा इथे, दुसऱ्या मणक्याजवळ.

बायको : आलं. बाप रे. इथे दाबायचं आणि तिथे दुखायचं?

फिजिओ : मानेच्या वरच्या नसा आणि चेहऱ्याची नस आत एकाच ठिकाणी जाऊन भेटतात. निरोप मानेचा असतो, मेंदूला वाटतं डोळ्याने धाडलाय. काम काय करता तुम्ही?

बायको : कृत्रिम डोळे रंगवते. ज्यांचा एक डोळा गेलाय त्यांच्यासाठी. दुसऱ्या डोळ्याकडे बघून बुबुळाचा रंग जुळवायचा, पांढऱ्यावर रेशमाचे तंतू लावून लाल शिरा काढायच्या.

फिजिओ : आणि तेव्हा मान कुठे असते?

बायको : मान? ती... कधी बघितलंच नाही.

नवरा : टेबलात. सहा-सहा तास. हाक मारली तर नुसती भुवई वर करते.

बायको : आता कुठलं काम! चार महिने ब्रश धरला नाही. एका बाईंचा डोळा अर्धाच राहिलाय. तपकिरी, कडेला हिरवट. त्या पट्टी बांधून फिरताहेत आणि मी अंधार करून पडलेय.

फिजिओ : तपासण्या झाल्या?

नवरा : सगळ्या. डोळे चांगले, सायनस चांगलं, मेंदूचा स्कॅन स्वच्छ. मग मीच एकदा म्हणालो...

बायको : जाऊ दे ते.

नवरा : नाही, सांगू दे. मी म्हणालो, तुझ्या मनातच आहे सगळं. असं म्हणालो मी.

फिजिओ : तुम्ही पहिले नाही तसं म्हणणारे.

नवरा : किती जणांना असतं हो हे?

फिजिओ : सगळ्या लोकांत धरलं तर शंभरात एखाद-दुसरा, फार तर चार. पण डोकेदुखी पाठच सोडत नाही म्हणून येणारे शंभर घेतले, तर त्यांतले पंधरा-वीस मानेचे निघू शकतात. मोजणाऱ्यागणिक आकडा बदलतो.

नवरा : पंधरा-वीस! माझं औषधांचं दुकान आहे. डोकेदुखीची गोळी मागणारे रोज तीसेक तरी. कितीतरी चेहरे वर्षानुवर्षं तेच. एकालाही मी विचारलं नाही, मान वळते का म्हणून.

फिजिओ : आता उद्यापासून सगळ्यांच्या माना पिरगाळू नका! बहुतेकांची डोकेदुखी मानेची नसते. अर्धशिशीतसुद्धा मान धरते. आणि कधी नव्हे इतकं अचानक दुखलं, किंवा सोबत ताप आला, बोलणं अडखळलं, तर गोळी न देता सरळ हॉस्पिटलात धाडायचं.

बायको : पण ते पंधरा-वीस... ते सगळे आत्ता डोळा दाबून बसले असतील. माझ्यासारखेच.

(सहा आठवड्यांनी, त्याच खोलीत.)

फिजिओ : वळवा बघू उजवीकडे. अरे वा, पहिल्या दिवशी अर्ध्यावर अडत होती. दुखणं काय म्हणतंय?

बायको : आठवड्यातले चार दिवस जायचे, आता एखादा जातो. टेबल उंच करून घेतलं, भिंग स्टँडवर बसवलं. व्यायाम हा करून घेतो. पक्का मास्तर झालाय.

नवरा : दहा सांगितले की आठच करते, म्हणून.

फिजिओ : आणि त्या बाईंचा डोळा?

बायको : बसवला. आरशात बघत राहिल्या, मग मलाच विचारतात, यांतला माझा कुठला?

नवरा : मी तिथेच होतो. मलाही सांगता आलं नसतं.

फिजिओ : वा! मग आता माझ्याकडे महिन्याने या. अजून काही?

बायको : एक सांगायचंय. मंगळवारी काम करताना एकदम वाटलं, घरातलं काहीतरी बंद पडलंय. पंखा बघितला, चालू. फ्रिज बघितला, चालू. आणि मग लक्षात आलं, डोकं दुखत नाहीये. बाई, इतकी शांतता असते? सगळ्यांना रोज असते?

नवरा : मला भर गर्दीत दुकानात फोन. आणि फोनवर नुसती रडतेय. गिऱ्हाईक तसंच सोडून बाहेर आलो. म्हटलं, काय झालं? काय झालं?

बायको : काहीच झालं नव्हतं. तेच सांगायला केला होता.