पॉमरॉयबाईंच्या परसातला दगड

अध्यक्षस्थानी विराजमान पाद्री क्विलीसाहेब, मंचावरील मान्यवर, चहाच्या किटलीजवळच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेले आपले पंच, आणि विदरकोम गावच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी गिल्बर्ट, पेशाने खाटीक. बोलण्यापेक्षा तोडण्याची सवय जास्त, तेव्हा सांभाळून घ्या.

आज हेटी पॉमरॉयबाई लेकीकडे ब्रिस्टलला निघाल्या. गुडघ्यांपुढे कुणाचं चालतं? पंचावन्न वर्षांत त्यांनी या गावासाठी काय केलं नाही? पंचायतीचं दप्तर सांभाळलं, गावचा इतिहास लिहायला घेतला. दर मे महिन्यात आपण काठ्या घेऊन गावची हद्द फिरतो, दगडादगडावर काठी मारतो. शेवटचा दगड बाईंच्या परसात. तिथला केक मिळावा म्हणून निम्मं गाव चालतं, हे मी नाव न घेता पंचांकडे बघून सांगतो.

तर गेल्या मंगळवारी बाई दुकानात आल्या. म्हणाल्या, "गिल्बर्ट, इतिहास लिहून झाला, पण एक खोटं लिहवेना. तो दगड मुळात आमच्या फाटकापुढे होता. आमचं घर लॅकफोर्डच्या हद्दीत."

माझ्या हातातला सुरा तसाच राहिला. लॅकफोर्ड! क्रिकेटमध्ये ज्यांच्याशी आपण हात मिळवतो तेही नाइलाजाने!

"मग दगड परसात कसा गेला?"

"वॉल्टरने हातगाडीवरून नेला. तुमच्या प्रदर्शनात भोपळा फक्त गावकऱ्यालाच ठेवता येतो ना."

म्हणजे बाईंच्या यजमानांचे, वॉल्टरभाऊंचे, ते अकरा चषक! माझा भोपळा अकरा वेळा दुसरा आला होता, मंडळी. मला राग आला, खोटं कशाला बोलू?

पण बाईंचे डोळे भरले. "वॉल्टर इथल्या दफनभूमीत आहे. तिथे जागा हद्दीत राहणाऱ्यालाच. मी आधीही तुमची नव्हते, आता तर गावही सोडतेय. त्याच्या शेजारी मला कोण येऊ देणार?"

काल पंचायत बसली. दोन तास वाद झाला. शेवटी पाद्रीसाहेब म्हणाले, "पंचावन्न वर्षं आपण ज्या दगडाला काठी मारली, तो जिथे, तिथे आपली हद्द." ठराव झाला, सह्याही झाल्या.

बाई, तो दगड आम्ही सकाळीच उपटला. बाहेर माझ्या मटणाच्या गाडीत आहे, धुऊन ठेवलाय; तुमच्याबरोबर ब्रिस्टलला येतोय. पुढच्या मे महिन्यात आम्ही बस करून काठ्या घेऊन येतोय. लेकीला केकचं आत्ताच सांगून ठेवा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घाला, आणि लॅकफोर्डला कळू देऊ नका.

लेकीच्या घरी दगड फाटकापुढे ठेवायचा की परसात, ते बाई, तुम्हाला मी काय सांगणार?