नीलव्वाचं म्हणणं

दुधनीकडच्या जनसुनवाईचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण त्यात चूक माझीच होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात काय हवं, काय नको, ते गावकऱ्यांना विचारायला सोलापूरहून साहेब आले होते. त्यांना कन्नड येत नव्हतं, म्हणून दुभाषा मी, त्यांच्याच ऑफिसातला कारकून.

नीलव्वा नावाची एक म्हातारी उठली आणि कन्नडमधून बराच वेळ बोलली. लेकीला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तेव्हा ती तिला घेऊन केंद्रावर आली होती. रविवार होता, दाराला कुलूप होतं. अक्कलकोटला नेता नेता लेक जीपमध्येच गेली.

साहेब घड्याळ बघत होते. मी म्हणालो, "साहेब, रविवारी केंद्र बंद असतं, अशी यांची तक्रार आहे."

नीलव्वा खाली बसली नाही. मोडक्यातोडक्या मराठीत मला म्हणाली, "मराठी कळतंय की मला. माझी लेक मेली म्हनून सांगितलं मी. महादेवी नाव तिचं. ते का नाही सांगितलं तुमी?"

माझी मान खाली गेली. साहेब हळूच म्हणाले, "पहिल्यापासून सांगा." मी एकेक वाक्य सांगत गेलो, ते लिहीत गेले. महादेवीचं नावही लिहिलं.

रविवारी नर्स मिळायला पुढं सहा महिने लागले. पहिल्याच रविवारी नीलव्वा केंद्रावर जाऊन आली आणि सोमवारी तिनं ऑफिसात मला फोन केला. कन्नडमधून एवढंच म्हणाली, "काल दार उघडं होतं."