शेवटच्या गाण्यातली घरघर

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या रेकॉर्डिस्टच्या शेजारी एक बहीणभाऊ हमरीतुमरीवर आले होते. विषय होता त्यांच्या लाडक्या जोडगोळीचा नवा इलेक्ट्रॉनिक अल्बम. तो या रेकॉर्डिस्टनेच रेकॉर्ड केला होता. त्याने वर्तमानपत्र डोळ्यांपर्यंत वर घेतलं.

"ताई, दहा वर्षं यांच्या ठेक्यावर नाचलो. कान गेले, तरी हूं की चूं केलं नाही. आणि आता हे काय काढलंय? ना ठेका, ना सूर!"

"ते मोठे झाले रे. तू तिथंच राहिलास."

"शेवटच्या गाण्यात अकरा मिनिटं नुसती घरघर! त्यापेक्षा आपला फ्रिज बरा. मधे थांबतो तरी."

"हेही थांबतं. सातव्या मिनिटाला. मला तिथं रडू फुटलं."

"आणि मग खट्ट करून परत सुरू!"

"तो पुनर्जन्म आहे."

"ताई, अगं फ्रिज आहे तो, फ्रिज!"

"इथं कान कुणाचे दाखवायला आलोय आपण? मग गप्प बस."

"काका, तुम्ही ऐकलंय का हो ते गाणं? तुम्हीच सांगा हिला."

"मला जरा कमी ऐकू येतं," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. जोडगोळीतल्या थोरल्याचा मेसेज होता: "स्टुडिओतला फ्रिज दुरुस्त करायला माणूस बोलावलायस ना? येऊ नको म्हणून सांग त्याला. दौऱ्यावर न्यायचाय, आहे तसाच."